पावसाकडून पडलो गेलो: जपानी विवाहबाह्य कथा वाचायची कशी

जपानी भाषेच्या वर्गात कर्मणी प्रयोगाचा धडा आला की निम्मा वर्ग गळपटतो. पुण्यात आमच्या सेन्सेईंनी फळ्यावर वाक्य लिहिलं होतं: ‘आमे नि फुरारेता’. आमे म्हणजे पाऊस, फुरू म्हणजे पडणं. आता याचं शब्दशः मराठी करा. ‘पावसाकडून पडलो गेलो.’ वर्ग हसला. सेन्सेईही हसल्या आणि म्हणाल्या, “मराठीत आणायला जाऊ नका, हसं होईल. पाऊस पडला ही बातमी झाली. तो माझ्यावर पडला, माझ्याकडे छत्री नव्हती, माझा दिवस वाया गेला, ही तक्रार झाली. जपानीत ती तक्रार क्रियापदाच्या शेपटीत बसते.”

त्याच तासाला दुसरं वाक्य आलं: ‘त्सुमा नि शिनारेता’. बायको वारली. पण शब्दशः पाहिलं तर ‘बायकोकडून मेलो गेलो’. मरण तिचं आणि वाक्याचा कर्ता मात्र मागे उरलेला नवरा. व्याकरणात याला ‘मेइवाकु नो उकेमी’ असं नाव आहे. मेइवाकु म्हणजे उपद्रव, दुसऱ्यामुळे होणारा ताप. उपद्रवाचं कर्मणी म्हणा हवं तर.

सुरुवातीलाच एवढं व्याकरण दळलं, कारण नवरा, बायको आणि तिसरं माणूस या विषयावर जपानी प्रौढ साहित्याचं जे अवाढव्य दालन आहे, त्याची किल्ली या शेपटीत आहे. कादंबऱ्या, दुपारच्या मालिका, सिनेमे, मोठ्यांसाठीच्या चित्रकथा, कॉम्प्युटर गेम्स, सगळं त्यात आलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सगळीकडे तेच लफडं. पण गोष्ट कुणाच्या तोंडून येते, क्रियापदाचा कर्ता कोण, हे बघायला लागलं की एकाच लफड्याची वेगवेगळी साहित्यं दिसायला लागतात.

एका क्रियापदाची तीन रूपं

आज या दालनातला सगळ्यात गाजलेला आणि सगळ्यात जास्त शिव्या खाणारा शब्द म्हणजे ‘नेतोरारे’. इंटरनेटवर तो तीन रोमन अक्षरांत लिहितात: एनटीआर. (आपल्याकडे एनटीआर म्हटलं की मुकुट घातलेले, कृष्णाच्या वेषातले रामाराव डोळ्यांपुढे येतात. हैदराबादच्या एका मित्राला हा प्रकार समजावताना माझी जी पंचाईत झाली, ती सांगण्यासारखी नाही.)

मूळ क्रियापद ‘नेतोरू’. ‘ने’ म्हणजे झोपणं, ‘तोरू’ म्हणजे घेणं. दुसऱ्याचा जोडीदार अंथरुणाच्या वाटेने पळवणं, असा त्याचा अर्थ. शब्द जुनाच आहे, पण त्याच्या रूपांवरून साहित्याचे पोटप्रकार पाडायचं काम प्रौढांसाठीच्या गेम्स आणि चित्रकथांच्या वाचकांनी केलं, आणि ते २००० नंतरच्या दशकात पक्कं रुजलं. रूपं तीन. ‘नेतोरी’ म्हणजे कर्तरी: मी पळवतो. गोष्ट पळवणाऱ्याच्या नजरेतून. ‘नेतोरारे’ म्हणजे कर्मणी, तेच उपद्रवाचं: माझं माणूस पळवलं गेलं. गोष्ट मागे उरलेल्याच्या नजरेतून. आणि ‘नेतोरासे’ म्हणजे प्रयोजक: मीच पळवू देतो, मीच घडवून आणतो. करणं, केलं जाणं, करवणं. मराठी माणसाला हे समजायला खरं तर जड नाही. ‘करवणं’ आपल्याकडेही आहे, आणि त्यात कर्तृत्व कुणाचं आणि जबाबदारी कुणाची हा घोळही आहे.

कथानक तिन्हींत एकच असू शकतं. एक बाई, तिचा नवरा, नवऱ्याचा वरिष्ठ. वरिष्ठाच्या खांद्यावर कॅमेरा ठेवला की नेतोरी, नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला की नेतोरारे. आणि नेतोरारेत मुख्य घटना बहुतेक वेळा दिसतही नाही, दिसतो तो उशीर. फोन वाजत राहतो, उचलला जात नाही. ती घरी येते तेव्हा केस वेगळे बांधलेले असतात. नेहमीचा ‘ओकाएरी’, म्हणजे ‘आलास का’, हा शब्द एका दिवशी थोडा लवकर, थोडा जास्त गोड म्हटला जातो. वाचकाला तिसऱ्या पानावर कळलेलं असतं, नवऱ्याला तिसाव्या पानावर कळतं, आणि मधली सत्तावीस पानं हीच खरी गोष्ट असते.

लोक हे का वाचतात? दात दुखत असला की जीभ सारखी तिथेच जाते, त्यातला हा प्रकार असावा असं मला वाटतं. गमावण्याची भीती सगळ्यांनाच असते. इथे ती कागदावर, बंद करता येईल अशा पुस्तकात चाचपता येते. पण न आवडणारेही तितकेच कडवे आहेत. स्वतः छापलेल्या चित्रकथा विकणाऱ्या जपानी संकेतस्थळांवर ‘एनटीआर’ हे लेबल दुहेरी काम करतं: काहींना बोलावणं, काहींना धोक्याची पाटी. ज्यांना ‘जुनआई’, म्हणजे निर्मळ प्रेम, हवं असतं, ते हे लेबल बघून दोन पावलं मागे सरतात. आणि लेबल न लावता कथेत असं वळण आणलं तर लेखकाचं काही खरं नसतं.

इथे माझी एक तक्रार आहे आणि ती नुसती चवीची नाही. या लेबलाखाली विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टींत बायकोवर दबाव असतो: धमकी, कर्ज, साहेबाची सत्ता, पेयात मिसळलेलं काहीतरी. तिथे विश्वासघात झालेलाच नसतो. तिथे अत्याचार झालेला असतो आणि दुकानात त्यावर ‘बेइमानी’ची चिठ्ठी लावलेली असते. ही लबाडी खपून जाते ती व्याकरणामुळे. ‘त्याने बायको नेतोरारे केली’ असं म्हणता येत नाही. ‘त्याला बायको नेतोरारे झाली’ अशा धाटणीचं वाक्य होतं. कर्ता नवरा, कर्म बायको. आणि तिन्ही रूपांत ती कर्मच. तिला काय हवं होतं, हे विचारायला क्रियापदात जागाच नाही.

दोन लिप्यांतल्या दोन डायऱ्या

प्रयोजक रूपाचं, म्हणजे नेतोरासेचं, सगळ्यात अव्वल उदाहरण हा शब्द फॅशनमध्ये येण्याच्या कितीतरी आधीचं आहे. तानिझाकी जुनइचिरो यांची ‘कागी’, म्हणजे ‘किल्ली’, ही कादंबरी १९५६ साली ‘चुओ कोरोन’ या भारदस्त मासिकातून क्रमशः आली. नवरा ५६ वर्षांचा प्राध्यापक, बायको इकुको ४५ वर्षांची. दोघंही डायरी लिहितात. नवरा डायरी कुलपात ठेवतो आणि किल्ली मुद्दाम दिसेल अशी टाकतो. बायको लिहिते की मी ती वाचणार नाही. आणि आपणही लिहिते, लपवून, पण सापडेल इतपतच लपवून.

मुलीसाठी स्थळ म्हणून किमुरा नावाचा तरुण घरी येत असतो. नवऱ्याच्या लक्षात येतं की त्याच्याविषयी मत्सर वाटला की आपल्या थकत चाललेल्या अंगात जीव येतो. मग तो बायकोला हळूहळू त्याच्याकडे सरकवू लागतो. कुणी कुणाला उघड काही सांगत नाही. सगळा व्यवहार डायरीतून, ‘तू हे वाचत नाहीस हे मला माहीत आहे’ अशा थाटात.

भाषांतरात हमखास हरवते ती यातली एक गोष्ट. जपानीत उच्चार लिहायच्या दोन वर्णमाला आहेत: टोकदार, कोनाकोनांची काताकाना आणि वळणदार हिरागाना. नवऱ्याची डायरी कांजीबरोबर, म्हणजे चिनी चित्राक्षरांबरोबर, काताकानात आहे, बायकोची हिरागानात. पान उघडलं की वाचायच्या आधीच, नुसत्या अक्षरांच्या आकारावरून कळतं की आता कोण बोलतंय. एक पान काटेरी, पुढचं मऊ. आणि मऊ पानांतलं किती खरं, हा प्रश्न शेवटी शेवटी असा काही वर येतो की करवणारा नेमका कोण होता, याचा वाचकाला पुन्हा पहिल्यापासून हिशेब मांडावा लागतो. प्रयोजकाचा कर्ता आपणच आहोत, असं नवऱ्याला वाटत होतं.

कायद्याने बांधलेली गोष्ट

प्रत्येक काळातली कथा त्या काळच्या कायद्याच्या साच्यात घडलेली आहे. एदो काळात, म्हणजे तोकुगावा शोगुनांच्या राज्यात, बायकोच्या परसंबंधाला शब्द होता ‘मित्त्सू’, चोरटा संबंध. १७४२ च्या दंडनियमांत बायको आणि तिचा प्रियकर दोघांना देहदंड होता, आणि नवऱ्याने दोघांना पकडून मारलं तर त्याला दोष नव्हता. नवरा मात्र गणिकांच्या वस्तीत रोज गेला तरी त्याला मित्त्सू म्हणत नसत. प्रत्यक्षात बरीच प्रकरणं पैशांवर मिटत. एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, ‘७ र्यो २ बु’ (त्या काळची नाणी) हा भाव इतका ठरलेला होता की त्यावर विनोदी कविता होत.

क्योतोत १६८३ साली एका प्रतिष्ठित पंचांगकर्त्याची बायको ओसान, त्याचा कारकून मोहेई आणि मोलकरीण तामा, तिघांनाही देहदंड झाला. तीनच वर्षांनी इहारा साइकाकुने त्यावर कथा लिहिली, आणि १७१५ मध्ये चिकामात्सु मोंझाएमोनने बाहुलीनाट्य. चिकामात्सुच्या नाटकात ओसानला मोहेईशी संबंध ठेवायचाच नसतो. तिचा नवरा मोलकरणीच्या मागे लागलेला असतो, म्हणून त्याला रंगेहाथ पकडायला ती मोलकरणीच्या अंथरुणात झोपते. मोहेई तामाचे आभार मानायला अंधारात येतो. कुणी कुणाचं तोंड बघत नाही. बाहेर नवरा आल्याची हाक आणि कंदील, आणि उजेडात दोघं एकमेकांना ओळखतात. लंपट नवरा, आणि मान जायची ती बायकोची. चिकामात्सुने कायद्यावर एक शब्द टीका केलेली नाही. नुसता कंदील आत आणला.

मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, पाश्चात्त्य धर्तीच्या संहिता आल्या, पण तराजू तोच राहिला. १९०७ च्या दंडसंहितेचं कलम १८३ ‘कान्त्सूझाई’चं, म्हणजे व्यभिचाराच्या गुन्ह्याचं. विवाहित स्त्रीला आणि तिच्या प्रियकराला दोन वर्षांपर्यंत कैद. तक्रारीचा अधिकार तिच्या नवऱ्याला. नवऱ्याने अविवाहित बाईशी संबंध ठेवला तर कायद्याच्या लेखी काही घडलंच नाही. आपल्या भारतीय दंडसंहितेतलं कलम ४९७ याचं चुलत भावंड. आपल्याकडे शिक्षा फक्त परपुरुषाला, बाईला नाही, आणि नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. तिकडे शिक्षा दोघांना. फरक दिसायला मोठा, मूळ एकच: बायको ही नवऱ्याच्या मालकीची. जपानने युद्धानंतर नव्या संविधानात स्त्री-पुरुष समता मान्य केली तेव्हा वाद झाला, की आता नवऱ्यांनाही शिक्षा लावायची की कलमच काढायचं. १९४७ मध्ये कलम काढलं. आपलं ४९७ सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं ते २७ सप्टेंबर २०१८ ला.

या कलमाखाली अडकलेल्यांत एक मोठा कवी होता, किताहारा हाकुशू. १९१२ साली शेजारच्या विवाहित स्त्रीशी संबंध, तिच्या नवऱ्याची तक्रार, आणि हाकुशू सुमारे दोन आठवडे कोठडीत. तडजोडीचे पैसे भरून सुटला. पुढच्याच वर्षी आलेल्या त्याच्या तांका-संग्रहात त्या दिवसांच्या कविता आहेत. हाच हाकुशू पुढे जपानचा लाडका बालगीतकार झाला. जपानी बालवाडीत पावसाळ्यात आजही त्याचं एक गाणं म्हणतात: पावसा पावसा पड पड, आई छत्री घेऊन मला न्यायला येईल, काय मजा! आपल्या ‘ये रे ये रे पावसा’चं सख्खं भावंड. एकाच माणसाच्या पदरी कलम १८३ ही आणि हे गाणंही, हे मला वर्गातल्या त्या फळ्यापासून कधी विसरता आलेलं नाही.

दुसरी घटना १९२३ ची. प्रसिद्ध कादंबरीकार आरिशिमा ताकेओ आणि एका मासिकाची विवाहित संपादिका हातानो आकिको यांचा संबंध तिच्या नवऱ्याला कळला. नवऱ्याने पैसे मागितले. जिच्यावर प्रेम आहे तिची किंमत मोजणार नाही, अशी आरिशिमांची भूमिका. जूनमध्ये कारुइझावा या थंड हवेच्या ठिकाणच्या बंगल्यात दोघांनी जीवन संपवलं, आणि महिनाभर कुणाला पत्ता लागला नाही. कारुइझावा हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

तोल जातो, मग रीतसर क्रियापद होतं

कलम गेलं आणि बायकोला गोष्टीत कर्ता व्हायची मुभा मिळाली, निदान गोष्टीपुरती. १९५७ मध्ये मिशिमा युकिओच्या एका लोकप्रिय कादंबरीच्या नावातून ‘योरोमेकी’ हा शब्द उचलला गेला. योरोमेकू म्हणजे झोक जाणं, तोल जाणं. आपण ‘पाऊल घसरलं’ म्हणतो तसंच, फक्त यात घसरून पडणं नाही, नुसतं हेलकावणं आहे. तोल गेलेल्या गृहिणींच्या गोष्टींना योरोमेकी म्हणायला लागले. १९६० पासून दूरचित्रवाणीवर दुपारच्या वेळी अशा मालिका सुरू झाल्या, नवरे कामावर आणि मुलं शाळेत असतानाच्या. या दुपारच्या मेलोड्रामाला ‘हिरुमेरो’ हे नाव पडलं आणि तो प्रकार अनेक दशकं टिकला.

दुपार हा या साहित्याचा खास प्रहर आहे. १९५५ मध्ये सरकारी गृहनिर्माण महामंडळ आलं आणि शहरांभोवती ‘दांची’, म्हणजे एकसारख्या इमारतींच्या वसाहती, उभ्या राहिल्या. दोन खोल्या, जेवणघर, लोखंडी दार आणि त्याला आतून-बाहेरून लागणारं कुलूप. सरकत्या कागदी दारांच्या घरात सासू-सासऱ्यांबरोबर राहिलेल्या पिढीला हे कुलूप म्हणजे केवढी नवलाई! आत बायको एकटी. निक्कात्सु या जुन्या स्टुडिओचं दिवाळं वाजायची वेळ आली तेव्हा त्याने नोव्हेंबर १९७१ पासून कमी खर्चाचे प्रौढांसाठीचे सिनेमे काढायला सुरुवात केली, आणि पहिल्याच सिनेमाची नायिका होती ‘दांची-झुमा’, वसाहतीतली बायको. नावातच दुपारही होती. ही मालिका १९८८ पर्यंत चालली. ठराविक अंतराने शृंगाराचं दृश्य आलं पाहिजे, एवढी अट पाळली की बाकी दिग्दर्शक मोकळा. त्यामुळे त्यातले कित्येक सिनेमे शृंगारापेक्षा त्या लोखंडी दाराविषयीच आहेत.

आता प्रचलित असलेला शब्द ‘फुरिन’ सर्वतोमुखी व्हायला १९८० चं दशक उजाडावं लागलं. टीबीएस वाहिनीची ‘शुक्रवारच्या बायकांना’ अशा अर्थाच्या नावाची मालिका १९८३ ला आली: टोकियोच्या नव्या उपनगरांत राहणारी, सुस्थितीतली, एकमेकांकडे जेवायला जाणारी जोडपी, आणि त्यांच्यातच जुळणाऱ्या नको त्या गाठी. फुरिन म्हणजे अक्षरशः ‘अ-नीती’. आपल्या वर्तमानपत्रांतल्या ‘अनैतिक संबंधातून’ या शब्दप्रयोगाला जपानी प्रतिशब्द हवा असेल तर हाच. गंमत अशी की मुळात असा करडा असलेला शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाला आणि त्याला जवळजवळ अत्तराचा वास यायला लागला. ‘उवाकी’ हा जुना शब्द वेगळा. उवाकी म्हणजे तरंगतं मन, चंचलपणा. कॉलेजातल्या मुलाने मैत्रिणीला फसवलं तर ते उवाकी. फुरिन म्हणायला दोघांपैकी एकाचं तरी लग्न झालेलं हवं. ‘फुरिन सुरू’ म्हणजे फुरिन करणं. कर्तरी प्रयोग, आणि कर्ता बाईही असू शकते, पुरुषही.

या फुरिन-लाटेचं शिखर म्हणजे वातानाबे जुनइची यांची ‘शित्सुराकुएन’, म्हणजे ‘हरवलेला स्वर्ग’. वातानाबे पेशाने मूळचे हाडांचे शल्यचिकित्सक. कादंबरी १९९५-९६ मध्ये क्रमशः छापली कुणी, तर ‘निहोन केइझाई शिंबुन’ने, म्हणजे शेअर बाजार आणि कंपन्यांच्या बातम्यांच्या देशातल्या पहिल्या नंबरच्या दैनिकाने. नायक कुकी प्रकाशन संस्थेतला, पण कोपऱ्यातल्या संशोधन विभागात बसवून ठेवलेला पन्नाशीतला माणूस. नायिका रिंको, सुलेखन शिकवणारी, डॉक्टरची बायको. १९९७ मध्ये पुस्तक, सिनेमा आणि मालिका एकाच वर्षात. त्या वर्षीच्या सर्वांत गाजलेल्या शब्दाचा पुरस्कार मिळाला तो ‘शित्सुराकुएन सुरू’ या क्रियापदाला. ‘काय, शित्सुराकुएन करताय वाटतं?’ असं ऑफिसात एकमेकांना चिडवायचं. शेवटाला मात्र कुकी आणि रिंको कारुइझावाला जातात, आरिशिमांच्या वाटेने. कलम १८३ जाऊन पन्नास वर्षं झाली होती. कुणी त्यांना तुरुंगात टाकणार नव्हतं, मान मारणार नव्हतं. तरी लेखकाला त्यांना जगवता आलं नाही. इतकी वर्षं ज्या साच्यात गोष्ट ओतली, तो साचा कायदा काढला म्हणून मोडत नाही. खरं सांगायचं तर मला ती कादंबरी लांबलेली वाटते, खाण्यापिण्याची वर्णनं सोडून. पण तो शेवट नुसता भावनेचा नाही, परंपरेचा आहे, हे माहीत असेल तर वेगळा वाचला जातो.

असुर, शिंगं आणि भरपाई

तिघं एका खोलीत समोरासमोर आली की जपानीत म्हणतात, ‘शुराबा’ झाला. शुरा म्हणजे आपला असुर. संस्कृतातून चीनमार्गे बौद्ध ग्रंथांबरोबर गेलेला. इंद्राशी, म्हणजे तिकडच्या ताइशाकुतेनशी, असुरांची लढाई जिथे चालली ती जागा म्हणजे शुराबा. पुढे युद्धाचा रणरणता प्रसंग, आणि आता स्वयंपाकघरात नवरा, बायको आणि ‘ती’ उभी आहे तो प्रसंग. मत्सराने पेटलेल्या स्त्रीचा ‘नो’ या पारंपरिक नाट्यप्रकारातला दोन शिंगांचा मुखवटा ‘हान्या’, तो शब्द म्हणजे आपली प्रज्ञा. आणि पारंपरिक जपानी नवरीच्या डोक्याला बांधतात त्या पांढऱ्या रुंद पट्टीचं नाव त्सुनोकाकुशी, शिंगं-झाकणी. लोक सांगतात, मत्सराची शिंगं उगवू नयेत म्हणून. नवऱ्या मुलासाठी अशी कुठलीही पट्टी नाही, हे सांगायला नकोच.

पण आजच्या जपानी कथांतल्या शुराबात परदेशी वाचक गोंधळतो तो वेगळ्याच कारणाने. बायको रडत नाही, टेबलावर पाकीट ठेवते. आत फोटो, पावत्या, गुप्तहेराचा अहवाल. फौजदारी कलम गेलं तरी दिवाणी दार उघडं आहे: जोडीदाराने परसंबंध ठेवला तर त्याच्याकडून, आणि त्या तिसऱ्या माणसाकडूनही, ‘इशार्यो’ मागता येतो. अक्षरशः ‘सांत्वनाचे पैसे’. पुढाकार कुणाचा होता याने फरक पडत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये म्हटलं. लग्न आधीच मोडकळीला आलेलं असेल तर तिसऱ्यावर जबाबदारी नाही, असं १९९६ मध्ये. आणि २०१९ मध्ये, केवळ घटस्फोट झाला म्हणून तिसऱ्याकडून सहसा पैसे मागता येणार नाहीत, असं. म्हणून या गोष्टींत प्रियकर सतत म्हणत असतो, ‘आमच्यात नवरा-बायकोचं काही उरलेलंच नाही.’ तो नुसता प्रेमाचा डायलॉग नाही, न्यायालयातला बचाव आहे. एदोतले ७ र्यो २ बु वेगळ्या पोशाखात अजून फिरताहेत.

याच कायद्याच्या अंगणात अलीकडे एक नवी पात्रजात वाढली आहे: ‘सारे-झुमा’. सारेरू म्हणजे ‘केलं जाणं’. म्हणजे ‘जिला केलं गेलं ती बायको’, फसवली गेलेली. नवरा असेल तर ‘सारे-ओत्तो’. पुन्हा तेच उपद्रवाचं कर्मणी! मोबाइलवर बोटाने सरकवत वाचायच्या चित्रकथांत या सारे-झुमांची रीघ लागली आहे. पण नेतोरारेतला नवरा नुसता बघत राहतो, आणि सारे-झुमा गोष्टीच्या दुसऱ्या भागातच वकिलाची वेळ घेते. ती मुलाला झोपवून, भांडी विसळून, नवऱ्याच्या कोटाच्या खिशातली पार्किंगची पावती ताटाखाली सपाट करून ठेवते. व्याकरण तेच, कणा वेगळा. माझ्यापुरतं विचाराल तर सध्या या दालनात वाचावंसं जे काही आहे ते इथे आहे.

आणि नेतोरारे हा इंटरनेटने काढलेला विकृत प्रकार आहे असं जे म्हणतात, त्यांना मी एक हजार वर्षं मागे पाठवतो. मुरासाकी शिकिबु या लेखिकेच्या ‘गेंजी मोनोगातारी’ या दीर्घ कथेचा नायक गेंजी तारुण्यात आपल्या सम्राट वडिलांच्या लाडक्या राणीशी संबंध ठेवतो. त्यातून झालेला मुलगा सम्राटाचाच म्हणून वाढतो आणि गादीवर बसतो. इथवर गेंजी कर्तरी प्रयोगात आहे. मग तो म्हातारपणाकडे झुकतो आणि एका कोवळ्या राजकन्येशी त्याचं लग्न होतं. एका दुपारी अंगणात चेंडूचा खेळ चालू असताना तिच्या दालनातून मांजर पळतं, त्याच्या गळ्यातली दोरी पडद्याला अडकते, पडदा बाजूला होतो आणि काशिवागी नावाच्या तरुण सरदाराला ती दिसते. वेडा झालेला तो आधी ते मांजर मिळवतो, कुशीत घेऊन झोपतो. काही वर्षांनी तिच्यापर्यंत पोचतो. तिची इच्छा नसताना, हे मुरासाकी लपवत नाही.

एका सकाळी गेंजीला बायकोच्या बैठकीच्या कडेखालून फिकट हिरव्या, पातळ कागदाचं टोक दिसतं. पत्र. अक्षर ओळखीचं. तो वाचतो, आणि पुढे त्याच्या मनात विचार येतो तो वडिलांचा: त्यांनाही सगळं कळलं असेल का? कळून ते गप्प राहिले असतील का? पुढे एका मैफिलीच्या तालमीत तो काशिवागीकडे बघून हसत हसत म्हणतो, म्हाताऱ्याला दारू चढली म्हणून तू हसतोयस, पण थांब, वर्षं काही उलटी चालत नाहीत. काशिवागी त्या नजरेने आजारी पडतो आणि त्यातून उठत नाही.

मूल होतं. पन्नासाव्या दिवसाचा समारंभ. बहुतेक दासींना काही ठाऊक नाही, सगळे कौतुक करताहेत, उतारवयात पुत्र झाला म्हणून. गेंजी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. तो मुलाला मांडीवर घेतो, डोळ्यांत दुसऱ्याचे डोळे बघतो, आणि चिनी कवी बाइ जुयीची ओळ पुटपुटतो, त्याने अठ्ठावन्नाव्या वर्षी मुलगा झाल्यावर लिहिलेल्या कवितेतली. त्या कवितेत पुढे बाप मुलाला सांगतो, बाळा, तुझ्या बापासारखा होऊ नकोस. ती ओळ गेंजी म्हणत नाही. म्हणावीशी वाटली असेल, एवढंच मुरासाकी लिहिते.